मधला सूर

गेल्या वर्षी एका चिठ्ठीवर मी तीन ओळी लिहिल्या आणि त्या तीन ओळींनी एका गावाचं गाणं मारलं. हे कुणाला सांगायला गेले की लोक हसतात. म्हणतात, "लामझिरा, तुला प्रत्येक गोष्टीत स्वतःला मोठं करायची खोडच आहे." असेल. खोड आहेच. पण आधी ऐकून तर घ्या.

आमच्या ओझुर्गेतीला दर एप्रिलात जिल्ह्यातल्या शाळांची समूहगाण्याची स्पर्धा होते. वाद्य नाही, नुसते गळे. सांस्कृतिक भवनाच्या मंचावर एक शाळा उतरते, दुसरी चढते, आणि तेवढ्या वेळात परीक्षकाने गुण मांडून वर अभिप्रायाची चिठ्ठीही लिहायची. तेवीस शाळा आणि चहा एकदाच. मी गावच्या संगीतशाळेत एकतीस वर्षं शिकवतेय म्हणून मला दरवर्षी परीक्षक करतात. दुसरे परीक्षक राजधानीहून, तिबिलिसीहून येतात, कारण तिबिलिसीचा माणूस मधोमध बसला नाही तर आमच्या लोकांना स्पर्धा झाल्यासारखी वाटत नाही.

गेल्या वर्षी तिबिलिसीहून अवतांदिल सर आले होते. चांगला माणूस हो! मोठा गायकवृंद चालवतो, पण बोलणं इतकं मऊ की शिव्या दिल्या तरी आभार मानावेसे वाटतील. आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो. सतरावी शाळा आली ती डोंगरावरची, चहाच्या जुन्या मळ्यांच्याही वरची. सगळ्या शाळेत मुलं चाळीस, त्यातली अकरा गाणारी. त्यांची बाई नेस्तान, सव्वीस वर्षांची, मूळची भूगोलाची. गाण्याला दुसरं कुणी नाही म्हणून गाणंही तिच्याच गळ्यात. आणि गाणं खरं शिकवलेलं होतं सेरापिओन बाबुआने. बाबुआ म्हणजे आजोबा. अख्खं गाव त्याला तेच म्हणतं. ब्याऐंशीचा म्हातारा, तरुणपणी माझ्या वडिलांबरोबर गाणारा, मागच्या दाराशी टोपी हातात धरून उभा होता, बस म्हटलं तरी बसेना.

मुलांनी मक्याच्या खुरपणीचं गाणं म्हटलं. तीन थरांत. खालचे आवाज जमिनीसारखे बसलेले, वरचा पोरगा कोंबड्यासारखा आरवत चढतोय आणि मध्ये तो सूर. कसा सांगू? पियानोवर तो सूरच नाही. पांढऱ्या पट्टीत नाही, काळ्यात नाही. दोन्हींच्या फटीत आहे. माझे वडील, पार्मेन, मधला आवाज गायचे आणि त्यांचा तो तिथेच लागायचा. पूर्वी आमच्या सगळ्या गुरिया प्रांतात तसाच लागायचा. मग शाळा आल्या, पियानो आले, आणि एकेका गावातून तो गेला. माझ्यातूनही गेला. मी अठराव्या वर्षी तिबिलिसीला शिकायला गेले, तेव्हा प्राध्यापकबाईंनी पेन्सिल आपटून आपटून तो माझ्या गळ्यातून काढला. "हा खेडवळ सूर इथे चालणार नाही." सगळा वर्ग हसला होता. मी तर त्यांच्याही आधी हसले होते, बावळट.

आणि चाळीस वर्षांनी तो समोर उभा! अकरा पोरांच्या तोंडून, काही झालंच नाही अशा थाटात. माझ्या अंगावर काटा आला. वडील गेले तेव्हाही मी इतकी हलले नव्हते.

तेवढ्यात अवतांदिल सर माझ्याकडे कलले आणि हळूच म्हणाले, "लामझिराबाई, यांचा मधला सूर जरा... नाही का?"

बस, एवढंच. वाक्यसुद्धा पुरं केलं नाही त्यांनी. मला म्हणता आलं असतं, सर, तो तसाच असतो. त्या माणसाने आनंदाने वहीत टिपून घेतलं असतं, इतका तो सभ्य. पण मी काय केलं? मी वर्गातली ती अठरा वर्षांची मुलगी झाले. घाईघाईने म्हणाले, "हो ना, बेसूर आहे. पियानोवर घासून घ्यायला हवा." आणि त्यांना दिसेल अशा बेताने, मोठ्या अक्षरात लिहिलं: आवाज मोकळे, ताल पक्का. मधला सूर अशुद्ध, खाली राहतो. रोज पियानोवर तपासून घ्यावा.

त्यांना नववा क्रमांक मिळाला. नेस्तानने चिठ्ठी दोन्ही हातांनी घेतली, घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि माझे आभार मानले. मी घरी जाऊन जेवले, झोपले. मला वाटलं, तेवीस चिठ्ठ्यांतली एक चिठ्ठी, कोण वाचतंय! आमच्याकडे परीक्षकाचा अभिप्राय कुणी मनावर घेत नाही. बसमध्ये बसेपर्यंत परीक्षकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करून होतो आणि चिठ्ठीत सूर्यफुलाच्या बियांची टरफलं बांधली जातात.

यंदाच्या एप्रिलात तीच शाळा पुन्हा आली. अवतांदिल सरही आले होते. मी आधीपासून सरसावून बसले. मनाशी ठरवलंच होतं की या वेळी सरांना सांगायचं, हा सूर ऐका, हा कुठे मिळणार नाही. मुलं चढली, नेस्तानने हात वर केला, त्यांनी गाणं उचललं, आणि मधला सूर आला.

स्वच्छ. धुतलेल्या बशीसारखा स्वच्छ. पियानोतून काढून पोरांच्या तोंडात ठेवल्यासारखा.

सगळ्या सभागृहाने टाळ्या वाजवल्या. अवतांदिल सर माझ्याकडे वळून म्हणाले, "एका वर्षात केवढी प्रगती! तुमचं कौतुक आहे, लामझिराबाई. तुम्हीच सांगितलं होतंत ना?" त्यांनी पैकीच्या पैकी दिले. मी किती दिले? मीही पैकीच्या पैकीच दिले. कमी द्यायला कारण काय लिहिणार होते? तक्त्यात "शुद्ध स्वर" असा रकाना आहे आणि सूर शुद्ध होता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. त्यांना पहिला क्रमांक मिळाला. जूनमध्ये तिबिलिसीला देशाच्या फेरीला जायचं.

मी मंचामागे धावले. नेस्तान मुलांना मिठ्या मारत होती, मला बघून मलाही मारली.

"बाई! तुमची चिठ्ठी आम्ही पियानोवरच चिकटवली होती, ठाऊक आहे? त्या पियानोत उंदरांनी संसार मांडला होता. बातुमीहून माणूस आणून लावून घेतला. रोज सकाळी पहिल्या तासाआधी वीस मिनिटं नुसता मधला सूर!"

"नेस्तान," मी म्हटलं, "तो पूर्वीचाच बरोबर होता गं."

ती हसली. "चेष्टा करताय बाई."

"चेष्टा नाही. तुमच्या गावाचा सूर तसाच आहे. जुना आहे तो. मी चुकीचं लिहिलं."

तिचा चेहरा उतरला. भूगोलाची झाली म्हणून काय, डोकं तिचं लख्ख आहे. "म्हणजे वर्षभर आम्ही..." मग ती पोरांकडे वळली. "मारेख, इकडे ये. गेल्या वर्षीसारखं म्हणून दाखव बरं."

मारेख चौदा वर्षांची, मधल्या आवाजांची पुढारी, दोन वेण्या आणि तोंड भारी फटकळ. "गेल्या वर्षीसारखं म्हणजे? चुकीचं?"

"हो, चुकीचं म्हण."

पोरीने प्रामाणिकपणे प्रयत्न केला. आवाज खाली नेला, पण तो जाऊन बसला काळ्या पट्टीत. मग वर नेला, तर पांढरीत. दोन्हींच्या मध्ये पाय ठेवायला तिला जागाच सापडेना. दुसऱ्या दोघा-तिघांनीही करून पाहिलं. एकाने मुद्दाम रेडकासारखं ओरडून दाखवलं आणि सगळे खिदळले. "बाई, आम्ही खरंच इतके वाईट गायचो?" मारेखने विचारलं.

"रेकॉर्डिंग असेल ना गेल्या वर्षीचं?" मी नेस्तानला विचारलं. "फोनमध्ये, कुणाच्या आईबापाकडे?"

नेस्तान खाली बघायला लागली. "मीच सगळ्यांना पुसून टाकायला लावलं, बाई. चुकीचं कानावर पडलं तर मुलं पुन्हा बिघडतील, म्हणून."

दुसरं कुणी असतं तर मी फाडून खाल्लं असतं. पण हिला काय बोलणार? सांगितलेलं मनापासून करणारं माणूस आयुष्यात एकदा भेटतं, आणि ते नेमकं मी चुकीचं सांगितलं तेव्हा भेटावं! एकच आशा उरली होती, बाबुआची. म्हातारा जिवंत आहे तोवर सूर जिवंत आहे. त्याच्याकडून पोरांना पुन्हा घेता येईल, जूनला अजून दोन महिने आहेत. रात्रभर मी मनाशी हेच घोकत होते.

पुढच्या रविवारी गावाने पहिल्या क्रमांकाची मेजवानी ठेवली आणि मला मानाची पाहुणी म्हणून बोलावलं. मी सकाळीच निघाले. चहाचे मळे आता नुसती झुडपं झालीत, त्यांतून व्हॅन अर्धा तास वर चढते. बाबुआच्याच अंगणात लांब टेबल मांडलं होतं. बायका मक्याच्या भाकऱ्या थापत होत्या, राजम्याचं मडकं चुलीवर रटरटत होतं, आणि पोरं चीजचे तुकडे पळवून शिव्या खात होती.

"ये पोरी, तुझी पीडा मला लागो!" बाबुआने मला दोन्ही गालांवर मुके दिले. "पार्मेनची लेक! बापासारखं नाक घेतलंस, डोकं मात्र आईचं. बरं झालं."

मी त्याला मक्याच्या कोठारामागे घेऊन गेले. म्हटलं, आधी काम, मग जेवण.

"बाबुआ, खुरपणीच्या गाण्याचा मधला आवाज म्हणा ना एकदा. एकटेच."

म्हातारा लाजला. खरंच लाजला, कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग घसा खाकरून त्याने म्हटला. स्वच्छ. थोडा कापरा, पण पांढऱ्या पट्टीत अगदी मधोमध.

"आता बरोबर लागला ना, बाई?" त्याने विचारलं. मला बाई म्हणाला. माझ्या बापापेक्षा मोठा माणूस!

"बाबुआ, तुम्हीसुद्धा?"

"मग? पोरांना शिकवणारा मी, चूक माझीच ना! नेस्तानने चिठ्ठी वाचून दाखवली. मला दोन दिवस जेवण गेलं नाही. म्हटलं, सेरापिओन, सत्तर वर्षं बेसूर गायलास आणि गावात एकाने सांगितलं नाही. सांगणार कोण? सगळे चुलते नाहीतर व्याही! मग नातीने फोनवर ते यंत्र लावून दिलं, सूर बरोबर आला की हिरवं होतं. अख्खा हिवाळा घासला. गोठ्यात, न्हाणीत, जिथे जाईन तिथे. म्हातारी म्हणाली, मरताना तरी गप्प बस."

"बाबुआ, ते बेसूर नव्हतं. चूक माझी होती. माझी!"

"तू कशी चुकशील? तू शिकलेली." तो हसला आणि माझ्या हातावर थोपटलं. "बेसूर म्हणशील तर तुझा बाप. पार्मेन माझ्यापेक्षाही खाली लावायचा. देव त्याला शांती देवो, माणूस सोन्यासारखा, पण सुराला कच्चा. आता मला कळतं ते."

मला रडू कोसळलं. वडिलांबद्दल असं कुणी कधी बोललं नव्हतं. आणि हा म्हातारा तर त्यांच्या शेजारी उभा राहून उमेदीची सगळी वर्षं गायलेला. आणि त्याला हे शिकवलं कोणी, तर मी. आपलेच दात, आपलेच ओठ, सांगायचं कोणाला?

"रडतेस काय अशी?" तो घाबरला. "बरं बरं, जुनं म्हणतो. बापाची आठवण आली होय तुला? थांब."

त्याने डोळे मिटले, सुरुवातीचे बोल धरले, चाल पुढे आली आणि मधल्या सुराच्या तोंडाशी येऊन तो थांबला. पुन्हा पहिल्यापासून उचललं, पुन्हा तिथेच थांबला. तिसऱ्यांदा घेतलं तेव्हा घाम फुटला त्याला.

"कुठे होता तो?" त्याने मलाच विचारलं. "पूर्वी मी बघतच नव्हतो गं कुठे आहे ते. तोंड उघडलं की यायचा. आता तोंड उघडलं की आधी ते हिरवं दिसतं."

मी म्हटलं, राहू दे बाबुआ. मग कुणीतरी हाक मारली, पाहुणी कुठे लपवलीस म्हाताऱ्या, आणि आम्ही टेबलाशी आलो.

मेजवानीचा मुख्य, म्हणजे प्रत्येक प्याल्याआधी बोलणारा, अर्थात बाबुआच. देवासाठी प्याले झाले, गेलेल्यांसाठी झाले, मुलांसाठी झाले. मग तो शिंगाचा प्याला वाइनने भरून उभा राहिला.

"हा लामझिरासाठी. चूक काढणारे ढीगभर मिळतात, आमच्या गावात तर घरटी तीन आहेत. पण या पोरीने चूक काढली आणि दुरुस्तही करायला लावली. माझ्या बापाची चूक, आज्याची चूक, सगळी एका चिठ्ठीत धुतली. हिच्यामुळे आमची पोरं तिबिलिसीला चाललीत. गाउमार्जोस!"

गाउमार्जोस म्हणजे जय असो. सगळे उभे राहून प्यायले. आमच्याकडे जिच्या नावाने प्यायलं जातं तिने शेवटी उभं राहून उत्तर द्यायचं असतं. मी उभी राहिले. म्हटलं, आता लाज सोडायची.

"मी चुकीचं सांगितलं होतं," मी म्हटलं. "तुमचा सूर चुकीचा नव्हता. तो फक्त तुमच्याकडे उरला होता. तिबिलिसीच्या माणसापुढे मोठं व्हायचं म्हणून मी त्याला बेसूर म्हटलं. मला माफ करा."

मग टेबलाच्या टोकाचा एक मिशाळ गडी ओरडला, "बघा! शिकलेली माणसं किती नम्र असतात बघा! आमचा सरपंच शिकलेला नाही तेच बरं!" आणि हशा पिकला. टाळ्या पडल्या. बायकांनी माझ्या ताटात आणखी चीज वाढलं. नेस्तान तेवढी हसली नाही. ती ताटाकडे बघत बसली होती.

मग साहजिकच गाणं झालं. पोरं बाबुआभोवती जमली, खालचे आवाज बसले, वरचा चढला. मी मध्ये शिरले. दुसरं काय उरलं होतं माझ्याकडे? वडिलांना आठवलं. ते गाताना हनुवटी कशी आत घ्यायचे, ते आठवलं. चाळीस वर्षांत प्रथमच गळा सैल सोडला आणि लावला मधला सूर, त्या फटीत. लागला की काय, देव जाणे. मला तो वडिलांचा वाटला. पण पियानोशी एकतीस वर्षं काढलेल्या अठ्ठावन्नाच्या बाईचा गळा तो. कदाचित नुसता बेसूरच असेल. सांगू शकणारा एकच माणूस होता. मी बाबुआकडे बघितलं, माझ्या डोळ्यांत सगळं असणार. त्याने कान टवकारले, कपाळाला आठी घातली, ऐकलं. मग हळूच मान हलवली, नाही म्हणून नव्हे, तर मला आता कळत नाही म्हणून.

गाणं विस्कटलं आणि थांबलं. मारेखने माझ्या कोपराला हात लावला. इतकी फटकळ पोर, पण आवाज अगदी मऊ केला तिने. टेबलावरच्या बाकीच्यांना ऐकू जाऊ नये अशी काळजी घेऊन म्हणाली, "बाई, तुमचा मधला सूर खाली राहतोय. वाईट वाटून घेऊ नका हं, आमचाही आधी तसाच राहायचा. रोज घेतला की येतो."

आणि तिने माझ्या कानाशी तोंड आणून तो सूर धरला, स्वच्छ, सरळ, आणि मी तो घेईपर्यंत सोडला नाही. सगळं टेबल थांबलं होतं. बाबुआ थांबला होता. मी घेतला.